धुऊन घेतलेला कूलर

माझं आणि सासऱ्यांचं पटत नव्हतं, असं म्हणणं म्हणजे सौम्य भाषेत खोटं बोलणं. आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो. महाडच्या त्या घरात ते ओटीवर असले की मी मागच्या दारानं जायची, आणि मी मागच्या दारी असले की ते पुढून. बोलायचं झालंच तर सासूबाईंच्या मार्फत. मी म्हणायची, "आई, बाबांना सांगा, पेपर वाचून झाला असेल तर द्या." ते चार हातांवर बसून म्हणायचे, "सांग तिला, नाय झाला." सासूबाई मधल्या मधे दोघांकडे बघून मटार सोलत राहायच्या. नवरा पनवेलला नोकरीला, रविवारी घरी यायचा आणि दोन्ही बाजूंना हो म्हणून सोमवारी पहाटे निघून जायचा.

भांडणाचं मूळ माझी नोकरी. नऊ वर्षं मी कंत्राटी नर्स म्हणून राबले. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि मध्ये काही दिवस घरी बसायचं, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको. मग एकदाची कायम होण्याची ऑर्डर आली. नेमणूक पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात. मी आधी जाऊन हजर झाले आणि मग घरी सांगितलं. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "त्या घाटात मी तीस वर्सं गाड्या काढल्यात दरडीतनं. कुठं ऱ्हातेय ही नोकरी."

ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले तरी गल्लीतली कुठलीही गाडी आवाज करू लागली की मालक आधी त्यांच्याकडे येई. गाडी समोरून नुसती गेली तरी ते डोळे मिटून सांगायचे, दुसरा इंजेक्टर गेलाय. आणि ते खरं निघायचं. मला त्याचाही राग यायचा.

माझी अडचण साधी होती. पहिलं वर्ष परिवीक्षेचं. त्या वर्षात उशिरा येण्याचे शेरे साठले, तर वर अहवाल जाणार आणि कायम होणं राहिलं बाजूला. केंद्राच्या आवारातलं क्वार्टर भिंतीला तडा गेल्यामुळे राहायला बंद. वर जाणारी एसटी अकराच्या आधी पोचत नाही आणि ड्युटी नऊला सुरू. म्हणजे गाडी हवीच. मी एक जुनी डिझेल गाडी घेतली, टर्बोवाली, कारण विकणारा म्हणाला की टर्बो असला की घाट चढताना दम लागत नाही. गाडी चालली तर नोकरी राहणार, बंद पडली तर राजीनामा. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि सासरे कशाची वाट बघत होते तेही मला ठाऊक होतं.

दम लागत नव्हता हे खरं. पण ताप यायचा. घाट चढून वर पोचले आणि गाडी उभी केली की समोर तेलाच्या किटलीचं लाल चित्र लुकलुकायचं. पाण्याचा काटा जागेवर, तरी चित्र लाल. थोडं थांबलं, गाडी निवली की जायचं. एप्रिल लागला तसं ते चढावरही दिसू लागलं. दोनदा मी घाटात बॉनेट उघडून उभी राहिले, दोनदा उशीर झाला आणि दोनदा डॉक्टरांनी हजेरीपटावर लाल शेरा मारला. डॉक्टर माझ्याहून वयानं लहान, बोलायला मऊ. "सिस्टर, तिसऱ्यांदा मला वर लिहावंच लागेल," ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.

पोलादपूर नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं गाडी बघितली. त्याचं निदान सरळ होतं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, इंजिनाच्या तेलावरच फिरतो आणि तेलानंच निवतो. चढावर तो लाल होतो, तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि मग त्याला दाब राहत नाही. "ऑइल कूलर टाकू, सिस्टर. छोटा रेडिएटरच असतो, पण तेलाचा. पुढं वाऱ्याला लावायचा. फिल्टरच्या खाली एक प्लेट बसवायची, तिथनं दोन पाइप. तेल बाहेर जाऊन गार होऊन परत येईल." नवा कूलर पुण्याहून मागवायला दोन आठवडे लागणार होते. तो म्हणाला, "महाडला भंगारात जुना मिळाला तर धुऊन आणा. उद्या बसवतो."

धुऊन आणा. हे दोन शब्द त्यानं सहज उच्चारले आणि मीही सहज ऐकले. महाडच्या माणसाला यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

सावित्री नदीचं पाणी आमच्या घरात माळ्याच्या तुळयांपर्यंत आलं होतं. त्या मोठ्या पुरानंतर आम्ही काय काय धुतलं, ते बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. मिक्सर उघडून धुतला. शिलाई मशीनचा सुटा सुटा भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. माझं नर्सिंगचं प्रमाणपत्र ताटात पाणी घेऊन धुतलं आणि वर्तमानपत्रांच्या घडीत वाळवलं; त्यावरची सही अजून वाचता येते, आणि याच कागदावर मला ही नोकरी मिळाली. आमच्या गल्लीत बायका अजून एकमेकींना सांगतात की आमचा फ्रिज तिसऱ्या धुण्याला सुरू झाला, तुमचा कितव्या. पुरानं आम्हांला दुसरं काही दिलं नाही, पण एक अकड दिली. धुऊन निघत नाही असं काही नसतं, ही ती अकड.

भंगारवाल्याकडे कूलर मिळाला. कुठल्यातरी मोठ्या गाडीचा, विटेएवढा, दोन्ही तोंडं उघडी. दुकानातला सगळा माल पुराच्या पाण्याखाली गेलेला होता, हे त्यानं लपवलं नाही. लपवायचं कशाला, महाडमध्ये त्या पाण्याखाली न गेलेलं काय होतं? कूलरच्या तोंडात तांबूस माती वाळून बसली होती. मी नखानं खरवडली, ती पडली. मी म्हटलं, निघेल.

तीन दिवस ड्युटीवरून आल्यावर मी तो अंगणातल्या नळावर धुतला. आधी डिझेल भरून ठेवलं आणि हलवून ओतलं. मग गरम पाणी आणि कपड्यांची पावडर. मग पुन्हा डिझेल. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणली, पुन्हा गरम पाणी. पहिल्या दिवशी चहासारखं पाणी आलं, दुसऱ्या दिवशी लिंबाच्या सरबतासारखं, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. शेवटचं डिझेल मी गॉजच्या पांढऱ्या तुकड्यावर ओतलं. डाग नाही. मी तो तुकडा उन्हात धरून बघितला. मला स्वतःचं कौतुक वाटलं, ते का लपवू.

तिन्ही दिवस सासरे ओटीवर होते. खुर्ची त्यांनी नेहमीच्या जागेवरून सरकवून नळाच्या दिशेला केली होती. पेपर हातात, पण पान उलटत नव्हतं. एरवी दिवसाला दोनदा चहा घेणारा माणूस, तिथून उठावं लागू नये म्हणून चार चार वेळा चहा मागवत होता. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. मुद्दाम. बघा म्हटलं, तुमच्या डेपोवाचून अडत नाही आमचं.

गॅरेजवाल्यानं पुढचा बंपर काढला, रेडिएटरच्या पुढं पट्ट्या ठोकून कूलर बसवला. पाइप जेसीबीचे पाइप करून देणाऱ्याकडून टोकं दाबून आणले, कारण हायवेच्या कामामुळे तो माणूस सध्या तालुक्यात सर्वांत तरबेज. फिल्टरच्या खाली प्लेट गेली, नवा फिल्टर, नवं तेल. गाडी सुरू केली, सांध्यांना बोट लावून बघितलं, कुठं गळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात घाट चढले आणि वर जाऊन गाडी चालू ठेवून मुद्दाम पाच मिनिटं उभी राहिले. लाल चित्र आलं नाही.

तीन आठवडे आलं नाही. वेळेवर हजेरी. डॉक्टरांनी एकदा घड्याळ बघून हसून मान डोलावली. घरी आले की मी भाजी चिरता चिरता मोठ्यानं सासूबाईंना सांगायची, "आई, आजही गाडी एकदम थंड हं. लोक म्हणत होते डोंगर झेपणार नाही म्हणून." ओटीवरून एकदाच उत्तर आलं. "बरं."

त्या "बरं"ची मी त्यांची हार म्हणून मनात नोंद केली आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग तो लसीकरणाचा दिवस. पोलादपूरहून लशींचा डबा घ्यायचा होता. बर्फाच्या पिशव्या लावलेला तो निळा डबा शेजारच्या सीटवर ठेवून त्याला मी पट्टा लावला होता. तिसऱ्या वळणानंतर टर्बोची शिटी बदलली. आधी ती बारीक असायची, आता रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी वर जाऊ लागली. मग आरशात निळा धूर. गाडीतली ताकद कुणीतरी काढून घेतल्यासारखी गेली आणि लाल चित्र आलं, ते लुकलुकलं नाही, पेटूनच राहिलं. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. एका बाजूला दरड, एका बाजूला कठडा, आणि मी मधे उभी राहून त्या गाडीला जे बोलले ते नर्सच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

डबा डोक्यावर घेऊन चालू लागले. सिमेंटचे पत्रे नेणाऱ्या एका पिकअपनं पुढं घेतलं, पण तो फाट्यापर्यंतच. तिथून पुन्हा पायी. पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बर्फ टिकला होता, लशी चांगल्या होत्या. पण लांबच्या वाडीवरून पोरं काखोटीला मारून आलेल्या दोन बाया वाट बघून परत गेल्या होत्या. डॉक्टरांनी हजेरीपट ओढला. त्यांनी पेन घेतलं. मी डबा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

आठवड्यानं कागद आला. परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवली. या काळात आणखी एकदा कुचराई दिसली तर सेवा संपुष्टात. कुचराई! डोक्यावर डबा घेऊन घाट चढलेल्या बाईची कुचराई. तो कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला. ओटीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही वाचला. पण ओटीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

गाडी टोचन लावून आणून अंगणात टाकलेली होती. तेव्हापासून मी भाड्याची जीप करून, दिवसाचा पगार तिलाच देऊन वर जात होते. त्या रविवारी नवरा आलाच नव्हता; सकाळी बाहेर आले तर बॉनेट उघडं, बंपर काढलेला, आणि सासरे गाडीच्या पुढं पाटावर बसलेले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. दारात मेलेलं यंत्र त्यांना बघवत नव्हतं. माझी नोकरी दारात मरून पडली असती तर खुशाल बघवली असती.

त्यांनी फिल्टर काढला, शिकंज्यात धरला आणि करवतीनं पत्रा गोल कापला. आतला कागद घडीघडीचा असतो. तो त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर हळूहळू उलगडला, जसा कुणी जुना दस्त उलगडावा. घड्यांमध्ये चिखल होता. तेलानं काळा झालेला, पण बोटानं पसरला की खालून तो तांबूस रंग. तो रंग महाडमध्ये लहान मूलही ओळखतं. आमच्या भिंतीवर अजून त्याची रेघ आहे.

मी दारातूनच म्हणाले, "मी तीन दिवस धुतला होता तो." कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्याशी सरळ बोलत होते.

"आत बारीक जाळी असते," ते कागदाकडे बघत म्हणाले. "पानी वरनं जातं. माती आत ऱ्हाते चिकटून. गरम तेल लागलं की मंग सुटते. कूलरमधनं तेल फिल्टरात येतं. फिल्टरानं धरली तेवढी धरली. भरला की त्याची झडप उघडते, आन तेल न गाळता आत जातं. पयला टर्बोच मरतो."

"हे तुम्हांला माहीत होतं."

"डेपोत पुरानंतर सगळं धुतलं आमी. इंजिनं धुतली, गिअरबॉक्स धुतले. कूलर नाय धुतले. फेकले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन दिवस हा माणूस माझ्याकडे तोंड करून बसला होता. चहावर चहा पीत. एक वाक्य पुरलं असतं, तेही माझ्याशी नको, सासूबाईंमार्फत चाललं असतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस?"

मी ओटा उतरून खाली गेले. जे जे आत साठलं होतं ते सगळं काढलं. म्हटलं, तुम्ही माझ्या नोकरीच्या वाईटावर होतात. म्हटलं, मी घाटात मेले असते तर तुम्ही तिथं येऊन सांगितलं असतं कुठला पार्ट गेला ते. शेजारचे खिडकीत आले, येऊ देत. सासूबाई आतून "अगं, अगं" करत होत्या. म्हटलं, ज्याला माहीत आहे आणि जो मूग गिळून बसतो, त्याच्यासारखा नीच माणूस नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.

त्यांनी करवत खाली ठेवली. उठायला गेले. एका हातानं गाडीचा पत्रा धरला, दुसरा गुडघ्यावर, आणि अर्ध्यावर थांबून श्वास घेतला. पायजम्याची कड वर सरकली. घोट्याच्या वर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाय उकडलेल्या रताळ्यासारखा फुगलेला.

ते बघून मला धक्का बसला, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. बसला नाही. कारण ते पाय मला माहीत होते.

शिमग्याला पाहुणे जमले होते. सासूबाई सहज म्हणाल्या होत्या की ह्यांना हल्ली दोन उश्या लागतात, आडवं पडलं की दम लागतो. मी वाढता वाढता त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन उश्या आणि सुजलेले घोटे, याचा अर्थ नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगीही सांगेल. बहुधा हृदय थकलंय, तपासायला हवं, लवकर. मी तोंड उघडणार तोच ते पाहुण्यांना म्हणाले होते, "आमच्या घरात नर्स हाय, पन मी तिच्या हातची गोळी खानार नाय हां." सगळे हसले. मी वाढून झाल्यावर आत गेले आणि मनाशी म्हटलं, ठीक आहे. विचारतील तेव्हा सांगीन.

त्यानंतर रोज मागच्या दारानं जाताना मी ओटीवरचे ते पाय बघत होते. सूज आज कुठवर आली, हेसुद्धा बघत होते. पगारी कामासाठी, सहीसाठी, शेऱ्यासाठी मी डोक्यावर डबा घेऊन घाट चढले, आणि घरातल्या माणसाचा पाय अडीच महिने दारातून नुसता बघितला.

"बसा," मी म्हटलं.

"कशाला?"

"बसा म्हणते ना."

माझा आवाज अजून भांडणाचाच होता. दुसरा आवाज माझ्याकडे त्यांच्यासाठी नव्हताच. ते पाटावर बसले. मी खाली बसून त्यांची चप्पल काढली, पायजमा वर केला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथं खड्डा राहिला. तेलाचे डाग पडलेला त्यांचा हात गुडघ्यावर होता. ते त्या खड्ड्याकडे बघत होते. यंत्रांत जन्म काढलेला माणूस; दाबलेलं परत वर येत नाही म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, हे त्यांना सांगायला लागलं नाही.

"उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं," मी म्हटलं. "उद्याच. छातीची पट्टी, ईसीजी, काढायला. मी रजा टाकते."

"रजा टाकलीस तर तुझी नोकरी ऱ्हाईल?"

"ते मी बघते."

त्यांनी पायजमा खाली ओढला. शिकंज्यात फिल्टरचा कापलेला पत्रा तसाच होता.

"कदीपासनं म्हाईत हाय तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच दिसलं म्हटलं असतं तर त्यांना कळलंही नसतं.

"शिमग्यापासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. शांतपणे, डेपोत नटबोल्ट मोजावेत तसं.

"मी म्हयनाभर गप ऱ्हायलो गो," ते म्हणाले. "तू अडीच म्हयने."